हवामानबदलाची भरपाई : आफ्रिकेंतील शेतकरी व आपण

गेल्या कांहीं महिन्यांत आमच्या मंडळाच्या सभासदांकडून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आमच्याकडे आला आहे. हवामानबदलामुळें होणाऱ्या नुकसानीबद्दल श्रीमंत देशांनीं आफ्रिकेंतील गरीब देशांस पैसा द्यावा, अशी मागणी होत असल्याचें वर्तमानपत्रांत वारंवार छापून येतें. त्यावर आमचे वाचक विचारतात कीं, पाऊस कोठेंहि कमीजास्त पडतो, तो कोणाच्या हातचा नाहीं. मग त्याची भरपाई एका देशानें दुसऱ्यास कां द्यावी? आणि द्यावयाचीच झाली तर ती आफ्रिकेस कां, शहाद्याच्या पपईवाल्यास किंवा धडगांवच्या डोंगरांतील कुणब्यास कां नको? दोन्ही शंका रास्त आहेत. त्यांतील दुसरी तर अशी आहे कीं, तिचें उत्तर देतांना आपणां सर्वांसच थोडें अवघड वाटावें. म्हणून या अंकांत हा विषय जरा विस्तारानें घेतला आहे.

पहिल्या शंकेचें उत्तर आपल्या बांधावरच सांपडतें. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यानें स्वतःच्या सोयीसाठीं नाला वळविला, आणि पावसाळ्यांत तें पाणी खालच्याच्या कपाशींत शिरून पीक वाहून गेलें, तर ‘पाऊस देवानें पाडला’ हें म्हणणें वरच्यास तारीत नाहीं. पंच त्यास इतकेंच विचारतात कीं, नाला कोणीं वळविला? हवामानाच्या बाबतींत नाला वळविण्याचें काम दगडी कोळसा व खनिज तेल यांनीं केलें आहे. तीं जाळलीं म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड अर्थात् कर्बवायु निघतो. त्याचा बराच भाग शेंकडों वर्षें हवेंत राहतो व पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता कोंडून धरतो. म्हणून आज कोण किती जाळतो एवढेंच पाहून भागत नाहीं, आजवर कोणीं किती जाळलें याचा हिशेब घ्यावा लागतो. तो हिशेब शास्त्रज्ञांनीं मांडलेला आहे. यंत्रयुगाच्या आरंभापासून आजवर निघालेल्या अशा कर्बवायूचा सुमारें चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा आहे. युरोपीय संघ व ब्रिटन मिळून पांचव्या हिश्श्याहून थोडा अधिक भरतो. संपूर्ण आफ्रिका खंडाचा हिस्सा शेंकडा ३ च्या आसपास आहे, व भारताचाहि त्याच सुमाराचा. चालू काळांतहि दर माणशीं दर साल अमेरिकेंत सुमारें १४ टन, भारतांत २ टन व आफ्रिकेंत सरासरीनें १ टन कर्बवायु निघतो.

कोणी म्हणेल कीं, आज्यानें अजाणतां केलेलें नातवाच्या माथीं कां मारावें? वाफेचें यंत्र चालविणाऱ्यास आपण पुढील शतकांतील पाऊस बिघडवीत आहों हें ठाऊक नव्हतें, हें खरें. परंतु जगांतील शास्त्रज्ञांच्या मंडळानें या विषयावरील आपला पहिला अहवाल १९९० मध्यें प्रसिद्ध केला, आणि आजवरच्या एकंदर कर्बवायूपैकीं जवळजवळ निम्मा त्यानंतर हवेंत गेला आहे. अजाणतेपणाची सबब तेव्हांपासून संपली.

आतां नुकसान काय झालें तें पाहूं. २०१९ च्या मार्चमध्यें इडाई नांवाचें चक्रीवादळ मोझांबिकच्या बैरा बंदरावर आदळलें. वारा व त्यामागून आलेला पूर यांत मोझांबिक, मलावी व झिंबाब्वे या तीन देशांत मिळून हजारावर माणसें मेलीं. शेतकऱ्याच्या दृष्टीनें वेळहि वाईट साधली. त्या मुलखांत मका हेंच रोजचें अन्न आहे. पावसाळ्याच्या आरंभीं, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरांत, पेरलेला मका एप्रिलच्या सुमारास कापणीस येतो. कणसें भरलीं होतीं, विळा लावावयाचा राहिला होता, तोंच शेतेंच्या शेतें पाण्याखालीं गेलीं. हातांत आलेलें पीक अवकाळीनें किंवा गारपिटीनें जाणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

एका वादळावरून निष्कर्ष काढूं नये, म्हणून शास्त्रज्ञ प्रत्येक संकटाची स्वतंत्र तपासणी करूं लागले आहेत. २०२२ च्या आरंभीं ॲना व बट्सिराई हीं वादळें मादागास्कर, मोझांबिक व मलावी या देशांवर आलीं, तेव्हां तापलेल्या हवेमुळें त्यांतील पाऊस वाढला होता असें त्यांस आढळलें. उलट २०२४ मध्यें झांबियांत भयंकर अवर्षण पडलें, सुमारें २२ लाख हेक्टर मक्यापैकीं १० लाख हेक्टर हातचा गेला, फेब्रुवारीच्या अखेरीस तेथील सरकारनें राष्ट्रीय आपत्ति जाहीर केली; पण त्या अवर्षणांत मुख्य हात प्रशांत महासागरांतील एल् निनोचा होता, असा निर्वाळा त्याच पद्धतीनें काम करणाऱ्यांनीं दिला. हें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, प्रत्येक दुष्काळाचें बिल अमेरिकेच्या नांवें फाडतां येतें असें नाहीं, आणि जाणते लोक तसें करीतहि नाहींत. परंतु एकूण हिशेब नाकारतां येण्याजोगा नाहीं. हवामानबदलामुळें १९६१ पासून आफ्रिकेंतील शेतीच्या उत्पादकतेची वाढ शेंकडा ३४ नें खुंटली, असें त्याच शास्त्रज्ञमंडळाच्या २०२२ च्या अहवालांत नमूद आहे. इतर कोणत्याहि खंडांत इतकी खोट बसलेली नाहीं.

हें देणें श्रीमंत देशांनीं कागदावर मान्यहि केलें आहे. १९९२ सालीं ज्या हवामानविषयक करारावर रिओ द जानेरो येथें सह्या झाल्या, त्यांत जबाबदारी सर्वांची असली तरी सारखी नाहीं, व पुढारलेल्या देशांनीं इतरांस नवा व जादा पैसा पुरवावा, असें स्पष्ट लिहिलेलें आहे. २००९ मध्यें कोपनहेगन येथें आंकडाहि ठरला: २०२० पर्यंत दर साल १०,००० कोटि डॉलर. तो मुदतींत आला नाहीं. श्रीमंत देशांच्याच संघटनेच्या मोजणीप्रमाणें २०२२ मध्यें प्रथम ती रक्कम पुरी झाली, व ११,५९० कोटि डॉलर भरली.

ऐकावयास हा आंकडा मोठा वाटतो. पण त्याच्या पोटांत शिरलें म्हणजे निराळेंच चित्र दिसतें, आणि आमच्या मतें सगळ्या वादाचें मर्म येथेंच आहे. त्यांतील सरकारी पैशापैकीं शेंकडा ६९ च्या सुमारास रक्कम कर्जाऊ दिलेली होती. निव्वळ अनुदान शेंकडा २८ होतें.

आपल्या वाडवडिलांस दुष्काळांत सरकारशीं व्यवहार करतांना तीन शब्द चांगले पाठ होते: तगाई, तहकुबी व सूट. तगाई म्हणजे कर्ज. १८८३ व १८८४ च्या कायद्यांनीं ती विहीर, बांध, बैल, बियाणें यांसाठीं मिळे व हप्त्यानें फेडावी लागे. तहकुबी म्हणजे सारा पुढील सालावर ढकलणें. सूट म्हणजे तो माफच करणें. १८९९-१९०० च्या दुष्काळासारख्या सालानंतर कोणत्या गांवास यांपैकीं काय मिळालें, यावर तें गांव पुन्हां उभें राहिलें कीं सावकाराच्या वहींत गेलें, हें ठरत असे. या तिहींहून निराळा चौथा शब्द आहे, तो नुकसानभरपाई. ती उपकार म्हणून मिळत नाहीं व फेडावीहि लागत नाहीं. वरच्या शेतकऱ्यानें पीक वाहून नेल्यावर ‘भरपाई कसली, हे घे पैसे, दहा वर्षांत फेड’ असें म्हटलें, तर पंच काय म्हणतील? मोझांबिकच्या वांट्यास नेमकें हेंच आलें. इडाईनंतर जगाकडून इतर मदत गेली. परंतु पुढच्याच महिन्यांत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनें त्या देशास जे सुमारें ११ कोटि ८० लाख डॉलर दिले तें कर्ज होतें. बिनव्याजी होतें हें कबूल. तरी फेडावयाचेंच होतें, आणि तो देश आधींच कर्जांत बुडालेला होता.

कर्ज देणारा पैसा कोठें घालतो यावरहि याचा परिणाम होतो. आपल्या शेजारीं, धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत शिवाजीनगर येथें महानिर्मिति कंपनीचा १२५ मेगावॉटचा सौर वीजप्रकल्प आहे; तो २०१३ मध्यें सुरू झाला व त्यास जर्मनीच्या सरकारी विकास बँकेचें कर्ज मिळालें. वीज तयार झाली, विकली गेली, पैसा फिरला व हप्ता गेला; सावकारास अशी आसामी आवडते यांत नवल नाहीं. परंतु डोंगरउतारावर समतल चर खणले, नाल्यास बांध घातला, बाजरीचें लवकर येणारें बियाणें वांटलें, तर त्यांतून शेतकऱ्याचें पीक वांचतें, धनकोचा हप्ता निघत नाहीं. म्हणून २०२२ च्या त्या रकमेपैकीं हवामानाशीं जुळवून घेण्याच्या कामांस, म्हणजे आपण ज्यास जलसंधारण, बांधबंदिस्ति, पूरनिवारण म्हणतों अशा कामांस, सुमारें ३,२४० कोटि डॉलर, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून थोडेंच अधिक आले. कर्बवायु कमी करण्याचीं कामें निरुपयोगी आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. पण मलावीच्या शेतकऱ्याकडे कमी करण्याजोगा कर्बवायु आहे तरी किती? त्यास हवा आहे बांध, व तो कर्जावर बांधून भागत नाहीं.

परदेशच्या अनुदानानें चांगला बांध पडूं शकतो याचें उदाहरण आपल्याच राज्यांत आहे. १९९० नंतरच्या दशकांत भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम महाराष्ट्रांत चालला. पैसा जर्मनीचा, अनुदानाचा, देखरेख नाबार्डची, आणि त्यामागें फादर हर्मन बाकर या स्विस पाद्र्याचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे श्रम. नियम असा होता कीं, माथ्यापासून पायथ्याकडे काम व्हावें, गांवानें श्रमदान करावें, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी. संगमनेर तालुक्यांतील दरेवाडीसारखीं गांवें या कामांतून नांवारूपास आलीं. पुढें १९९९-२००० मध्यें नाबार्डनें पाणलोट विकासासाठीं स्वतंत्र निधि उभारला, त्यास हा अनुभव उपयोगी पडला. फुकटचा पैसा गांवास आळशी करतो असें जे म्हणतात त्यांनीं हें उदाहरण ध्यानांत घ्यावें. पैसा अनुदानाचा होता, घाम गांवाचा होता.

तथापि देणेंकऱ्यानें देणें मान्य केलें म्हणजे तें पदरांत पडलें, असें कोणी समजूं नये. याचा दाखला आपल्या जिल्ह्याइतका चांगला अन्यत्र क्वचितच सांपडेल. सरदार सरोवराच्या धरणानें आपल्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गांवें बाधित झालीं. धरण गुजरातेंत, कालव्याचें पाणी मुख्यतः गुजरातेस व कांहीं राजस्थानास. आपल्या राज्यास विजेचा शेंकडा २७ हिस्सा ठरला. तेव्हां डोंगरांतील भिल्ल-पावरा शेतकऱ्यांच्या पुनर्वसनाचा खर्च कोणीं द्यावा? नर्मदा पाणीतंटा लवादानें १९७९ च्या निवाड्यांत सांगितलें कीं, तो गुजरातनें द्यावा. ज्या खातेदाराची चौथाईहून अधिक जमीन जाईल त्यास निदान दोन हेक्टर जमीन मिळावी. आणि पाणी चढण्यापूर्वीं पुनर्वसन पुरें व्हावें. लाभ ज्याचा, भार त्याचा, हेंच तत्त्व आज आफ्रिकेंतील देश जगापुढें मांडीत आहेत. लवादास तें न्याय्य वाटलें, देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेंहि २००० सालीं पुनर्वसनाच्या त्या अटी कायम धरल्या, आणि आपणांपैकीं कोणासहि त्यांत गैर दिसलें नाहीं.

पण पुढें काय झालें? निवाड्यानंतर चाळीस वर्षांनीं, २०१९ च्या सप्टेंबरांत, धरण १३८.६८ मीटरांच्या पूर्ण पातळीपर्यंत भरलें. मधल्या काळांत तळोद्याच्या बाजूस नव्या वसाहती झाल्या, अनेकांस जमिनी मिळाल्या, आणि अनेकांस त्या मिळविण्यासाठीं मोर्चे, सत्याग्रह व कोर्टाच्या खेपा यांत उमर घालवावी लागली. खातेदार कोण, वयांत आलेला मुलगा निराळा धरावयाचा कीं नाहीं, दाखविलेली जमीन कसण्याजोगी आहे कीं खडकाळ, असले वाद वर्षानुवर्षें चालले. तत्त्व मान्य होणें निराळें, आणि दोन हेक्टर काळी जमीन नांगराखालीं येणें निराळें. जगाच्या व्यवहारांतहि हेंच चालू आहे. नुकसानभरपाईचा स्वतंत्र निधि असावा हें २०२२ मध्यें इजिप्तमधील शर्म-अल-शेख येथें ठरलें. २०२३ मध्यें दुबई येथें तो स्थापन झाला, व आरंभीं सुमारें ७० कोटि डॉलरांचीं वचनें मिळालीं. २०२५ मध्यें त्याच्या मंडळानें पहिल्या वांटपासाठीं २५ कोटि डॉलर काढून ठेवण्याचें ठरविलें. ते अनुदान म्हणून द्यावयाचे असून निदान निम्मा भाग लहान बेटें व अत्यंत मागासलेले देश यांसाठीं राखून ठेविला आहे. एकट्या इडाईच्या नुकसानीपुढेंहि ही रक्कम तुटपुंजी आहे. २०२४ मध्यें बाकू येथें २०३५ पर्यंत दर साल ३०,००० कोटि डॉलर उभारण्याचें ठरलें. गरीब देशांची मागणी १,३०,००० कोटींची होती, आणि भारताच्या प्रतिनिधीनें तेथेंच उभें राहून त्या ठरावास हरकत घेतली. त्यानंतर २०२५ च्या आरंभीं अमेरिकेनें या सगळ्या व्यवहारांतून अंग काढून घेतलें.

पैसा आफ्रिकेंतील राज्यकर्ते खातील, हा आक्षेपहि आम्हांस वारंवार ऐकूं येतो. तो खोटा नाहीं. मोझांबिकच्या सरकारनें लोकसभेस न कळवितां काढलेलीं सुमारें दोनशें कोटि डॉलरांचीं गुप्त कर्जें २०१६ मध्यें उघडकीस आलीं, तेव्हां मदत देणाऱ्यांनीं हात आखडला. परंतु या आक्षेपाची मर्यादा ओळखावी. ऋणको धनकोस असें म्हणूं शकत नाहीं कीं, तुझ्या घरीं वहिवाट बरी नाहीं, सबब मी देणें देत नाहीं. पैसा कोणत्या वाटेनें द्यावा, हिशेब कोणीं तपासावा, रक्कम सरकारच्या तिजोरींत टाकावी कीं गांवच्या समितीच्या खात्यांत, हें सर्व ठरवावें, कडक ठरवावें. देणें मात्र राहतेंच. शिवाय गुप्त कर्ज देणाऱ्या बँका युरोपांतीलच होत्या, हेंहि विसरूं नये.

आतां दुसरी शंका, आफ्रिका आधीं कीं आपण? २०१४ मध्यें ‘टेरी’ या संस्थेनें राज्य सरकारसाठीं हवामानबदलाचा अभ्यास केला, तेव्हां महाराष्ट्रांतील सर्व जिल्ह्यांत नंदुरबार हा सर्वांत अधिक धोक्यांत असलेला जिल्हा ठरला. म्हणजे आपला दावा हवेंतला नाहीं. पण येथें पैसा कोठून आला तें पहा. २०१५ मध्यें केंद्र सरकारनें हवामान अनुकूलनाचा राष्ट्रीय निधि काढला. त्यांतून नाबार्डमार्फत नंदुरबार व बुलढाणा जिल्ह्यांतील ५१ गांवांसाठीं पाण्याच्या काटकसरीची व सुधारलेल्या शेतीतंत्राची सुमारें २३ कोटि रुपयांची योजना मंजूर झाली. सरासरीनें गांवास ४५ लाख रुपये. हा पैसा देशाच्या तिजोरींतला, म्हणजे आपल्याच करांचा होता. आणि तो निधिहि नोव्हेंबर २०२२ मध्यें योजनांच्या यादींतून काढण्यांत आला. २०१८ पासून चाललेल्या कृषि संजीवनी प्रकल्पास जागतिक बँकेचे ४२ कोटि डॉलर मिळाले, तेंहि कर्जच. त्याच्या पहिल्या टप्प्यांतील १५ जिल्ह्यांत जळगांव होतें, नंदुरबार नव्हतें. हरित हवामान निधीचें खरें अनुदान, ४ कोटि ३४ लाख डॉलर, महाराष्ट्र, आंध्र व ओडिशा यांच्या किनाऱ्यासाठीं आलें. सातपुड्यापर्यंत त्याचा शिडकावा येण्याचें कारण नव्हतें.

इतकें असूनहि आमचें मत असें आहे कीं, अनुदानाच्या पंक्तींत मलावी, मोझांबिक, झांबिया यांचें पान आधीं मांडावें. एक तर त्यांच्या तिजोरींत असा ५१ गांवांचा निधि काढण्यापुरतेंहि बळ नाहीं. आपल्या तिजोरींत आहे. दुसरें, दर माणशीं आपण कमी जाळीत असलों तरी देश म्हणून आज आपला क्रमांक चीन व अमेरिका यांच्या खालोखाल तिसरा आहे, आणि तो वाढत आहे. आपण श्रीमंत देशांकडे मागावयाचें तें तंत्रज्ञान, स्वस्त भांडवल व कराराचें पालन. भारतानें आफ्रिकेस स्वतःहूनहि थोडेंफार दिलें आहे. २०१५ च्या दिल्ली येथील परिषदेंत १,००० कोटि डॉलरांचें सवलतीचें कर्ज व ६० कोटींचें अनुदान देऊं केलें. २०२४ च्या अवर्षणांत धान्य पाठविलें. येथेंहि कर्जाचा आंकडा अनुदानाच्या सोळापटीहून मोठा आहे, हें वाचकांच्या नजरेंतून सुटूं नये.

आणि जें माप आपण लंडन-न्यूयॉर्ककडे धरतों तेंच जिल्ह्यांत धरलें तर काय दिसेल? टेरीच्या अभ्यासांत जिल्ह्याचा धोका नुसत्या पावसावरून ठरविलेला नाहीं. संकट झेलण्याची ऐपत किती, हेंहि त्यांत मोजलें आहे. ही ऐपत सर्व तालुक्यांत सारखी नाहीं. तापीकांठच्या खातेदारास विहीर आहे, कूपनलिका आहे, प्रकाशें-सारंगखेड्याचे बंधारे जवळ आहेत, सोसायटीचें कर्ज आहे. पावसानें महिनाभर ओढ दिली तरी त्याच्या उंसास, केळीस व पपईस पाळी मिळते. अक्राणीच्या उतारावर ज्वारी, मका, भगर व उडीद पावसाच्या भरंवशावर उभे असतात. तेथें ओढ बसली कीं कुटुंबच्या कुटुंब उंसतोडीस किंवा गुजरातेंत मजुरीस उतरतें. जिल्ह्यास मिळालेला प्रत्येक रुपया ‘सर्वांत धोक्यांतील जिल्हा’ या नांवावर येतो, आणि तें नांव मुख्यतः त्या डोंगरानें मिळवून दिलेलें आहे. ठिबकाचे संच सपाटीवर लवकर बसतात, कारण तेथें पाणी आहे, कागद आहेत, आणि स्वहिश्श्याचा पैसाहि आहे. आमच्या मंडळाचे बहुतेक सभासद सपाटीवरचेच, म्हणून हें येथें लिहिलें.

कागदांची गोष्ट निघाली तेव्हां मलावीची एक हकीकत सांगणें जरूर आहे. आफ्रिकेंतील देशांनीं मिळून दुष्काळाच्या विम्याची एक संस्था काढली असून मलावीनें २०१५-१६ सालासाठीं तिच्याकडे सुमारें ४७ लाख डॉलर हप्ता भरला. त्या सालीं मोठें अवर्षण पडून ६५ लाख लोकांस अन्नाची मदत लागेल असा अंदाज निघाला. संस्थेच्या गणितांत मात्र बाधित लोक फक्त २१ हजारांच्या आंत आले, व विम्याची रक्कम देण्याचें कारण नाहीं असें ठरलें. पुढें चौकशींत असें निघालें कीं, गणितांत उशिरां येणारा, १२० ते १४० दिवसांचा मका धरला होता. शेतकरी तर केव्हांच ९० दिवसांच्या जातीकडे वळले होते. फुलोऱ्याचे व दाणा भरण्याचे दिवस चुकीचे धरल्यानें पावसाचा खंड नेमका कोठें बसला हेंच यंत्रास दिसलें नाहीं. गणित सुधारून ८१ लाख डॉलर दिले गेले, पण ते २०१७ च्या जानेवारींत, म्हणजे उपाशी हंगाम निम्मा उलटल्यावर. आपल्याकडे फळपिकांचा हवामानविमा महसूल मंडळांतील एका पर्जन्य-तापमान केंद्राच्या नोंदीवर चालतो. केंद्रावर ऊन एक व दोन कोसांवरील बागेंत दुसरें, ही तक्रार करणारास मलावीचा शेतकरी आपला भाऊबंदच वाटेल.

यावरून इतकें दिसतें कीं, भरपाई जगाकडून येवो अथवा सरकारकडून, ती नोंदीच्या मागें चालते. शहाद्याचा खातेदार ई-पीक पाहणींत आपली पपई स्वतः नोंदवितो, पंचनाम्यास तलाठ्याबरोबर उभा राहतो. डोंगरांत एका वावरांत ज्वारी, उडीद व भगर मिसळून पेरलेलीं असतात, त्यांपैकीं नोंद बहुधा एकाच पिकाची होते. ज्याचा वनहक्काचा दावा २००६ च्या कायद्याखालीं अद्याप निकालांत निघालेला नाहीं, त्याच्या नांवें सातबाराच नाहीं, व पंचनाम्यांत त्याचें नांव लागणें कठीण होऊन बसतें. पुढील खरिपापूर्वीं मंडळाच्या सभासदांपैकीं ज्यांस ई-पीक पाहणीची माहिती आहे अशांनीं अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत प्रत्येकीं दोन दिवस जाऊन मिश्र पिकांची नोंद करून द्यावी, व ज्यांचे दावे पडून आहेत त्यांच्या पेऱ्याची यादी ग्रामसभेच्या ठरावासह तहसीलदाराकडे द्यावी, अशी सूचना येत्या बैठकींत आम्ही मांडणार आहों. जाण्यास तयार असणारांनीं आपलीं नांवें चिटणिसांकडे कळवावीं.